नाका, वर्ग आणि कागद : साथीत शाळेच्या माणसांना खरा धोका कुठे होता?

मार्च 2020 च्या अखेरच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे नाव राज्यभर झाले. सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे कोरोना पॉझिटिव्ह निघाले आणि बघता बघता आकडा पंचवीसच्या आसपास गेला. साताऱ्यातही पहिला रुग्ण त्याच सुमारास सापडला. शाळांना तोवर कुलूप लागले होते. पुढच्या दोन वर्षांत शिक्षक, लिपिक, शिपाई यांच्या सुरक्षिततेवर गावच्या पारावर आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर भरपूर बोलले गेले. त्यातले बरेचसे चुकीचे होते, आणि चूक एकाच बाजूची नव्हती. लोकांना शिक्षकांची भीती हे कामचुकारपणाचे निमित्त वाटे. शिक्षक घाबरत ते मात्र बऱ्याचदा भलत्याच गोष्टीला.

‘शाळा बंद, मास्तर घरी बसून पगार घेतायत’

शाळा बंद होत्या, मास्तर मात्र कामावर होते. तपासणी नाके, रेशन दुकानांवरची देखरेख, घरोघरी सर्व्हे, शिजवलेल्या आहाराऐवजी तांदूळ-कडधान्याचे वाटप, आणि मे महिन्यात मुंबईकर गावी परतू लागले तेव्हा पाटण, जावळी, खटाव, माणच्या गावोगावी शाळांमध्येच उघडलेले विलगीकरण कक्ष. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. त्यातही ठिकठिकाणी आशाताईंबरोबर गुरुजी होतेच. एकीकडे हे आणि दुसरीकडे रात्री मुलांना अभ्यासाचे व्हिडिओ पाठवणे.

साथीतला धोका म्हणजे फक्त विषाणू, हा समज तर जत तालुक्यात फार महागात पडला. मे 2020 मध्ये डफळापूरच्या नाक्यावर ट्रक अडवायला पुढे झालेल्या एका प्राथमिक शिक्षकाला त्याच ट्रकने चिरडले. मास्क, सॅनिटायझर, सहा फुटांचे अंतर, यातले काहीही त्या ट्रकपुढे उपयोगाचे नव्हते. भरधाव वाहन कुठे उभे राहून, कोणत्या खुणेने थांबवायचे याचे शिक्षण पोलिसाला मिळते. आयुष्यभर खडू धरलेल्या हाताला ते कोणी दिलेले नसते. नाक्यावर शिक्षकाने नोंदवही सांभाळायची आणि गाडी पोलिसानेच अडवायची, इतका साधा नियम पुरेसा होता.

‘आरटीई कायद्यामुळे शिक्षकाला कोविड ड्युटी लावताच येत नाही’

येते. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 27 अशैक्षणिक कामांना मनाई करते, पण त्यात तीन अपवाद आहेत : दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. महाराष्ट्रात साथरोग कायदा 1897 मार्च 2020 मध्येच लागू झाला होता आणि त्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 होता. त्यामुळे संघटनेच्या बैठकीत कलम 27 कितीही जोरात वाचले तरी आदेश रद्द होत नव्हता.

पण याच्या उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा. ‘नाही म्हटले की थेट गुन्हा’ अशी तंबी तेव्हा सर्रास दिली जाई. आपत्ती कायद्याचे कलम 56 कर्तव्य नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद करते खरे, पण वरिष्ठांची लेखी परवानगी किंवा अन्य कायदेशीर कारण असेल तर ते लागू होत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. आणि शाळेत बोलावण्यापुरते बोलायचे तर शिक्षण विभागाने जून 2020 मध्येच महिला शिक्षक, मधुमेह, दमा, हृदयविकारासारखे आजार असलेले आणि 55 वर्षांवरील पुरुष शिक्षक यांना घरून काम करू द्यावे असे कळवले होते. सवलत होती, ती मागायची कशी हे मात्र फारसे कोणी सांगत नव्हते. केंद्रप्रमुखांना फोन करून ‘साहेब, शुगर आहे’ म्हणणे हा अर्ज नव्हे. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलेला आणि पोहोच घेतलेला कागद, तो अर्ज.

‘शिक्षक कोरोनाने गेला की घरच्यांना पन्नास लाख’

हा समज सर्वांत जास्त घरांना चटका देऊन गेला. राज्याच्या वित्त विभागाने 29 मे 2020 रोजी शासन निर्णय काढून 50 लाखांचे संरक्षण दिले. ते शिक्षक असण्यासाठी नव्हते. सर्वेक्षण, संपर्क शोध, चाचणी, प्रतिबंध, उपचार, मदतकार्य अशा कोविडच्या प्रत्यक्ष कामावर असण्यासाठी होते. रुग्णालयात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या 14 दिवसांत माणूस त्या कामावर हजर होता, हे कार्यालयाने प्रमाणित करावे लागे.

आता त्या काळातला आदेश कसा येई ते आठवा. रात्री साडेनऊला गटावर एक यादी पडायची, तिरप्या फोटोत, कधी सहीशिवाय. ‘उद्या सकाळी सहा वाजता हजर राहावे.’ माणूस हजर राहायचा. बदली कामगिरीवर दुसराच कोणी गेला तर तेही तोंडी ठरायचे. ना जावक क्रमांक, ना नाक्यावरच्या हजेरीची प्रत. पुढे वाईट घडले की घरच्यांनी ते 14 दिवस सिद्ध कशाने करायचे? केंद्राची 50 लाखांची दुसरी योजना होती, पण ती आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर कामाला घेतलेल्यांसाठी. कोविडने गेलेल्या कोणाच्याही वारसाला मिळणारी रक्कम वेगळी होती, ती 50 हजारांची. गावात तिन्हींची सरमिसळ झाली आणि भेटायला आलेल्या बायका गेलेल्या गुरुजींच्या पत्नीला विचारायच्या, ‘पैसे आले का हो?’

‘वर्ग फवारला, दाराशी सॅनिटायझर ठेवला की शाळा सुरक्षित’

23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली, तेव्हा शाळांचा पैसा आणि जीव दोन्ही या फवारणीत गेले. विलगीकरणासाठी दिलेल्या शाळांबद्दल भीती जास्त होती. बाकांना हात लावायला शिपाई तयार नसत. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लास्टिकवर फार तर तीन दिवस, पुठ्ठ्यावर एक दिवस टिकलेला आढळला होता. महिनाभर कुलूपबंद असलेल्या वर्गातल्या बाकाला घाबरण्याचे कारणच नव्हते.

घाबरायचे होते ते कोंदट हवेला. या बाबतीत शिक्षकांना दोष देता येत नाही, कारण खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्ये ‘हा आजार हवेतून पसरत नाही’ असे ठासून सांगितले होते आणि पुढे वर्षभराने भूमिका बदलली. बोलताना, विशेषतः वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलताना, तोंडातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. म्हणजे वर्गात सर्वांत जास्त कण सोडणारा माणूस शिक्षकच. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू शाळेत समोरासमोर खिडक्या असतात. त्या उघडल्या की काम झाले. खरी अडचण शिक्षक खोलीत होती : एक पंखा, एकच खिडकी आणि तीही कपाटाने अडलेली, सहा-सात जण मास्क उतरवून डबा खाताहेत. वर्गात सहा फूट आणि डब्याला मांडीला मांडी, हे दृश्य कितीतरी शाळांत दिसले असेल.

थर्मल गनबद्दल एकच सांगतो. ताप नसलेला बाधित माणूस तिला दिसत नाही. आणि शाळा उघडण्याआधी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या प्रयोगशाळांत स्वॅब देऊन मिळवलेला निगेटिव्ह अहवाल त्या दिवसापुरताच होता. तो खिशात घेऊन महिनाभर निर्धास्त फिरणे चूकच.

‘मुलांना होत नाही, मग शिक्षकांना कुठून होणार?’

आयसीएमआरच्या जून-जुलै 2021 च्या देशव्यापी पाहणीत 6 ते 9 वयाच्या 57.2 टक्के आणि 10 ते 17 वयाच्या 61.6 टक्के मुलांत प्रतिपिंडे सापडली, तीही शाळा बहुतांश बंद असताना. मुलांना होत होते, फक्त ती फारशी आजारी पडत नव्हती. शिक्षकांचे काय, याचे नेमके उत्तर स्वीडनमधून आले. तिथे 2020 च्या वसंतात लहान वर्ग चालू राहिले आणि वरचे वर्ग ऑनलाइन गेले. चालू शाळांतल्या शिक्षकांना लागण होण्याचे प्रमाण ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले. म्हणजे भीती निराधार नव्हती. तरीही आपल्याकडे फेब्रुवारी 2021 मध्ये आघाडीच्या कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले तेव्हा त्या यादीत शिक्षक सरसकट नव्हते. ऑगस्टअखेर शिक्षक दिनाच्या निमित्ताने केंद्राने जादा लसी दिल्या. पुष्पगुच्छापेक्षा हे बरे, पण उशीर झाला होता.

‘सावित्रीबाईंनी नाही का प्लेगमध्ये जीव दिला?’

खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या या लेकीचे नाव सातारा जिल्ह्यात ड्युटीच्या संदर्भात घेतले जाणारच. 10 मार्च 1897 रोजी त्या प्लेगने गेल्या हे खरे. पण डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात त्या आपणहून राबत होत्या. कोणी त्यांचे नाव यादीत टाकले नव्हते. स्वेच्छेच्या त्यागाचा दाखला देऊन विनामास्क माणूस नाक्यावर पाठवणे, हा त्यांचाच अपमान आहे.

राहिल्या आहार शिजवणाऱ्या बाया. तेव्हा महिना 1,500 रुपये मानधन, चुलीपुढे कोंदट खोली, शाळा उघडली की पहिल्या हजर. जून 2020 च्या सवलतीत शिक्षकांचा उल्लेख होता, त्यांचा नाही. पुढच्या साथीत सुरक्षेचा पहिला आदेश काढणाऱ्या साहेबांना विनंती एवढीच, की यादी खालून वर लिहा आणि प्रत्येकाच्या हातात सहीशिक्क्याचा आदेश द्या.