जीएसटीचा दर बदलला आणि माझी जुनी बिलं बिघडली: एक्सेलमधलं फंक्शनल प्रोग्रॅमिंग

नाव ऐकून घाबरू नका. तुम्ही एक्सेलमध्ये कधी बेरजेचं सूत्र लिहिलं असेल, तर फंक्शनल प्रोग्रॅमिंग तुम्ही केलेलंच आहे, फक्त त्याला ते नाव दिलं नव्हतं. हॅस्केल नावाची फंक्शनल भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सायमन पेटन जोन्स. याच माणसाने आणखी दोघांबरोबर 2003 साली एक शोधनिबंध लिहिला. विषय होता एक्सेलमध्ये साध्या वापरणाऱ्याला स्वतःचं फंक्शन कसं बनवता येईल. ती सोय, म्हणजे 'लॅम्डा', एक्सेलमध्ये दिसायला 2020 चा डिसेंबर उजाडला. गूगल शीट्समध्ये ती 2022 मध्ये आली, आणि तिथे फुकट आहे.

आता माझी फजिती सांगतो.

चादर-टॉवेलच्या बिलांसाठी मी एक शीट बनवली होती. वर एका कोपऱ्यात दर लिहिलेले: नगाचा भाव 1000 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर 12 टक्के. खालची सगळी बिलं त्या कोपऱ्याकडे बघून हिशेब करायची. मला वाटायचं, काय हुशारी केलीय! मग 22 सप्टेंबर 2025 पासून नियम बदलला. चादरी, टॉवेल, बेडशीट अशा तयार कापडी वस्तूंना आता नगाला 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्याच्या वर 18 टक्के. मी कोपऱ्यातले आकडे बदलले, चहा प्यायलो, आणि संध्याकाळी बघतो तर एप्रिल ते ऑगस्टच्या बिलांच्या रकमाही बदललेल्या. रिटर्न भरून झालेली बिलं! छापील प्रती होत्या म्हणून वाचलो. त्या बघून दोन दिवस आकडे परत बसवत होतो.

चूक कुठे झाली? दर कशावर अवलंबून आहे? नगाच्या भावावर, आणि बिलाच्या तारखेवर. माझ्या सूत्राला तारीख माहीतच नव्हती. ते गुपचूप कोपऱ्यात डोकावून उत्तर देत होतं.

आपल्या सोलापुरात हे समजवायला लांब जावं लागत नाही. जॅकार्डवर विणली जाणारी चादर बघितलीय ना? भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात, प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलायचे ते कार्ड ठरवतं. तीच कार्डं लावली की तीच नक्षी; आज विणा की दिवाळीनंतर विणा, मोर तोच येणार. बाजूच्या मागावर काय चाललंय याच्याशी कार्डाला देणंघेणं नाही. (फ्रान्समधल्या जॅकार्डने हा माग 1804 च्या सुमारास आणला, पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी भोकांच्या कार्डाची कल्पना तिथूनच उचलली.) चांगलं फंक्शन असंच असतं. उत्तर ज्या ज्या गोष्टींवर ठरतं, त्या सगळ्या त्याच्या हातात द्यायच्या. मग तेच दिलं की तेच उत्तर, कधीही.

म्हणून मी दराचं फंक्शन असं लिहिलं. शीटमध्ये हे इंग्रजीत टाईप करायचं, इथे उच्चाराप्रमाणे देतोय:

लॅम्डा(भाव, तारीख, इफ(तारीख < डेट(2025, 9, 22), इफ(भाव <= 1000, 5%, 12%), इफ(भाव <= 2500, 5%, 18%)))

एक्सेलमध्ये फॉर्म्युलाज टॅबवर नेम मॅनेजर उघडा, 'न्यू' करा, नाव द्या, हे खाली चिकटवा. गूगल शीट्समध्ये डेटा मेनूत 'नेम्ड फंक्शन्स' आहे. तिथे भाव आणि तारीख वेगळ्या रकान्यात विचारतात आणि सूत्र 'इफ'पासून लिहायचं. लॅम्डा मायक्रोसॉफ्ट 365 आणि एक्सेल 2024 मध्ये चालतं. जुनं एक्सेल असेल तर सरळ गूगल शीट्स वापरा. नाव 'जीएसटी5' असलं देऊ नका, स्वीकारणार नाही, कारण जीएसटी नावाचा कॉलम एक्सेलमध्ये खरोखरच आहे आणि ते त्या पाचव्या ओळीचा पत्ता समजतं! 'जीएसटीदर' ठेवा.

उद्या पुन्हा दर बदलला तर याच एका जागी आणखी एक तारीख घालायची. जुनी बिलं जागची हलणार नाहीत.

दुसरी गोष्ट, फंक्शन कुठे लावायचं. हिशेब ओळीओळीने करा. समजा एका गिऱ्हाईकाने 450 च्या 12 चादरी आणि 2800 ची 2 भारी बेडकव्हरं घेतली. चादरींचे 5400, त्यावर 270 कर. बेडकव्हरांचे 5600, त्यावर 1008. एकूण कर 1278. आता कुणी पूर्ण 11000 ची रक्कम फंक्शनला दिली, तर ते म्हणणार 18 टक्के, म्हणजे 1980. गिऱ्हाईकाकडून 702 रुपये जास्त घेतले! मर्यादा नगाच्या भावाला आहे, बिलाला नाही. प्रत्येक ओळीवर तेच फंक्शन लावायला 'मॅप' आहे: भावांचा कॉलम द्या, तारखांचा द्या, दरांचा कॉलम मिळतो. खाली ओढत नेलं तरी चालतं, पण मध्येच एखाद्या ओळीत कुणी हाताने आकडा टाकला तर कळत नाही. मॅपमध्ये तसं केलं की लगेच एरर येते.

तिसरी सवय मात्र आपल्या वहीखात्यातच आहे. जुने मुनीम नोंद खोडत नसत. चुकली तर उलट नोंद घालत. शीटमध्येही मूळ नोंदींच्या पानावर फक्त नवी ओळ वाढवा. माल परत आला? उणे नगांची ओळ, तारीख मूळ बिलाचीच, म्हणजे दरही तोच राहील. 'थकबाकीवाले' वेगळ्या पानावर हवे असतील तर कॉपी-पेस्ट करू नका, 'फिल्टर' फंक्शन लावा. ते मूळ पानाला हात लावत नाही आणि नोंद बदलली की यादी आपोआप बदलते. त्या यादीवर बेरीज लावली की गड्ड्याच्या यात्रेआधी किती वसुली करायची ते एका आकड्यात समोर येतं.

वापरण्याआधी फंक्शनची परीक्षा घ्या. 1500 चा नग 21 सप्टेंबरला 12 टक्के यायला हवा, 22 तारखेला 5. 2500 ला 5 आणि 2501 ला 18. हे चार आकडे बरोबर आले तरी दोन खोड्या उरतात. तारीख रिकामी राहिली तर शीट ती शून्य धरते आणि निमूटपणे जुना दर लावते. आणि तारीख टिंबं देऊन 22.09.2025 अशी लिहिली तर बऱ्याचदा ती तारीख न राहता मजकूर होते, मग कुठल्याही वर्षाच्या बिलाला नवाच दर लागतो. तारखेच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त तारीखच स्वीकारायला सांगा, आणि तारीख नसलेल्या ओळीला लाल रंग द्या. दर लावण्याबाबत शंका आली, विशेषतः सूट दिलेल्या मालावर, तर बिल फाडण्याआधी सीएंना एक फोन करा.