फवारणी पंपाला लिथियम बसवताना

जळगाव-धुळ्याकडे कपाशीवर फिरणाऱ्या पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुतेक वेळा 12 व्होल्टची, 8 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. ती फवारून फवारून मरत नाही, पडून पडून मरते. हंगाम संपला की पंप अर्धवट उतरलेल्या चार्जवर कोपऱ्यात जातो, आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि जूनमध्ये चार टाक्यांतच पंप मान टाकतो.

लिथियम बॅटरीला हा रोग नाही. वजनही दीड किलोच्या आसपास कमी होते. पण पाठीवर 16 लिटर पाणी असताना त्याचे कौतुक किती करायचे!

खरी मेख चार्जरची. बाजारात दोन जाती आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल 14.6 व्होल्टला भरतात, तर साध्या लिथियम-आयनचे तीन सेल 12.6 लाच. शिशाचा जुना चार्जर साधारण 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. तो तीन सेलवाल्या बॅटरीला लावला, तर आगीपासून वाचवायला फक्त आतले संरक्षक सर्किट उरते. त्याच्या भरवशावर रात्रभर चार्जिंग लावू नका.

खान्देशच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा पंप पत्र्याच्या खोलीत न ठेवता बॅटरी काढून, निम्मी चार्ज करून घरात सावलीत ठेवा. घेताना फॉस्फेटची जात मागा आणि तिचाच चार्जर सोबत घ्या. दुकानदार ‘जुना चालतो’ म्हणाला, तर दुसरे दुकान बघा.