परळातील पाणी आणि पाखरांचा ताप

चैत्र तापू लागला की कसबा बावड्यातील गच्चीवर, दुकानाच्या पायरीवर पाखरांसाठी पाण्याचे परळ दिसू लागतात. चिमण्या, साळुंक्या, कावळे त्यावर विसावतात. जीवदयेची ही रीत जुनी आहे. मात्र तेच पाणी आठवडाभर साचून राहिले, तर त्यात पाखरांचाच वैरी वाढतो.

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे मरून पडू लागले. त्याच सुमारास माणसेही मेंदूज्वराने आजारी पडली. या दोन्ही घटनांचा संबंध प्रथम कोणी जोडला नाही. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी मात्र मेलेल्या पक्ष्यांचा पिच्छा पुरवला आणि तो वेस्ट नाइल विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. पक्ष्याकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा पक्ष्याकडे, असा त्याचा फेरा चालतो. माणूस त्यात वाटेत सापडतो, एवढेच.

हा विषाणू १९३७ मध्ये युगांडात सापडला. मुंबईकरांच्या रक्तात त्याच्या खुणा १९५२ मध्येच आढळल्या होत्या. त्याचा भाऊबंद असलेला जपानी मेंदूज्वर तर बगळ्यांच्या शरीरात वाढतो, पण बगळा सहसा आजारी दिसत नाही. म्हणून पंचगंगेकाठच्या बगळ्यांना दोष देणे व्यर्थ. साचलेल्या पाण्याकडे पाहावे.

क्युलेक्स डासाची मादी बहुधा रात्री अंडी घालते, एका वेळी शंभराहून अधिक. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. अळ्या झाल्यावर पाणी ओतले, तर तेवढे जीव मातीत जातात. फवारणीची हिंसा तर उघडच आहे. अहिंसा पाळणाऱ्या घराला हा पेच नवा नाही आणि त्यातून वाट काढणे अवघडही नाही. चिमण्या-साळुंक्या रात्री पाणी पीत नाहीत. दिवेलागणीला परळ रिकामे करून, काथ्याने घासून पालथे घालावे आणि पहाटे गाळलेल्या पाण्याने पुन्हा भरावे. अंडी घालण्याची वेळच टळते.

गोदामामागचे रिकामे डबे आणि ताडपत्रीच्या घडीत साचणारे पाणी मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यापूर्वी तिकडेही एक फेरी व्हावी. एकाच परिसरात दोन-चार कावळे मेलेले आढळले, तर उघड्या हाताने उचलू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. कारण डास असो वा बर्ड फ्लू, ते तपासणीनेच कळते.