भरतीच्या वेळी पक्षी कुठे बसतात

शिवडीच्या धक्क्यावर लोक रोहित पाहायला ओहोटीला जातात. पाणी हटलं की तेलाच्या टाक्यांपलीकडचा चिखल उघडा पडतो आणि रोहित उलट्या चोचीने त्यातलं शेवाळ गाळून खाऊ लागतात. पण पक्ष्यांची मोजदाद करायची तर ओहोटी कामाची नाही. छोटा टिलवा, चिखल्या, तुतवार असे वीतभर पक्षी एवढ्या मोठ्या चिखलात विखुरलेले असतात की दुर्बिणीतूनही ढेकूळ कोणतं आणि पक्षी कोणता हे कळत नाही. म्हणून मोजणारे भरतीची वाट पाहतात. पाणी चढतं, चिखल बुडतो आणि सगळ्यांना एकदमच घोट्याएवढ्या पाण्याची जागा शोधावी लागते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भर दुपारी चढतं. ही वेळ साधून उरणजवळ पाणजेच्या बांधावर उभं राहिलं की न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात आणि खाडीवरून थव्यामागून थवा आत येऊ लागतो.

मोजणी अशी होते. आधी थव्याच्या कडेचे दहा पक्षी खरोखर मोजायचे आणि ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं. मग पन्नास, मग शंभर. तो शंभराचा तुकडा थव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे सरकवत न्यायचा. दुसरा माणूस तेच वेगळं मोजतो आणि दोघांनी आपापला आकडा लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, कारण ऐकलेला आकडा डोळ्यांना खेचतो. त्यानंतर टेलिस्कोपमधून जाती वेगळ्या करायच्या: चिखल्या किती, तुतवार किती, मध्येच उंच पायांचे शेकाटे किती. एवढ्यात वरून बहिरी ससाणा गेला की सगळा थवा उठतो आणि कागद पुन्हा कोरा. मला त्या उठण्याचं सौंदर्य कळतं, पण आता ते पाहताना जीव हळहळतो. यातला छोटा टिलवा जेमतेम पंचवीस ग्रॅमचा. त्याला उन्हाळ्याआधी उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात परत जायचं असतं आणि प्रत्येक विनाकारण भरारी त्याने साठवलेल्या चरबीतून वजा होते. म्हणून मोजणाऱ्याने बांधावरून खाली उतरू नये, हा नियम मी सगळ्यात कडक मानतो.

आंतरराष्ट्रीय जलपक्षी गणनेचा आशियातला भाग 1987पासून दर जानेवारीत होतो. अशा नोंदींमधून ठळकपणे दिसतं ते हे, की या पक्ष्यांना दोन घरं लागतात. खायचं घर खाडीत, विसाव्याचं घर आतल्या मिठागरांत, खाजणांत, उथळ तळ्यांत. ठाणे खाडीत 2015मध्ये रोहित अभयारण्य झालं, 2022मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. पण उरणच्या पाणथळी या सगळ्याबाहेर आहेत, आणि भरतीचे ते दोन-तीन तास सुखाने गेले नाहीत तर खाडीतल्या संरक्षित चिखलाचा पक्ष्याला अर्धाच उपयोग.

इथे आपल्या कळवळ्याची एक बाजू आंधळी आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तिवरांना संरक्षण मिळालं, ते मोलाचंच. मात्र चिखल्या-टिलव्यांना झाडी नको असते. शिकारी लांबून दिसावा म्हणून ते मोकळ्यावरच बसतात. ठाणे खाडीत तर वाढती तिवरं उघड्या चिखलावर पसरत गेली आहेत. झाड नसलेली ओली जमीन कागदावर पडीक ठरते आणि पडीक जमिनीवर भराव टाकायला कोणाचं मन कचरत नाही. भराव टाकायचीही गरज नसते. बांधाच्या उघाड्या बंद केल्या, भरतीचं पाणी आत येईनासं झालं, की तळं काही महिन्यांत सुकून भेगाळतं. मग इथे पाणथळ नव्हतीच, असं म्हणायला वाट मोकळी.

त्यातून पक्षी नाहीसे होतात असंही नाही. ते दुसरी उघडी, सपाट, झाडं नसलेली जागा शोधतात. नवी मुंबईचं विमानतळ 2025च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि धावपट्टीच्या आसपास नेमकी तशी जमीन असते. विमानांच्या सुरक्षेसाठी पाणथळी नकोत म्हणणाऱ्यांनी हा विचार आधी करावा. पाणजेच्या उघाड्यांतून दिवसातून दोनदा पाणी आत-बाहेर होऊ देणं हा विमानांसाठीही, पक्ष्यांसाठीही सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो आजच करता येण्यासारखा आहे.