तरोटा महोत्सवात, आम्ही गुंठ्यात!

गेली काही वर्षे ऑगस्ट महिन्यात राज्याचा कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. मंडप पडतो, अधिकारी येतात, फीत कापली जाते. तरोटा, घोळ, कुर्डू, पाथरी, आघाडा यांच्या जुड्या टेबलावर मांडल्या जातात आणि त्यांत लोह किती, कॅल्शियम किती याचे फलक लागतात. भाजीचा मान वाढला, आनंद आहे! पण या भाज्या ओळखण्याचे, नेमक्या वयाचे पान खुडण्याचे, अळूची खाज चिंच घालून मारण्याचे ज्ञान शेकडो वर्षे जपले कोणी? ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांनी. दुसऱ्याच्या शेतात निंदणीला गेलेली आमची मायमाउली तण उपटता उपटता संध्याकाळचे कोरड्यास ओट्यात टाकीत असे. मालकाच्या लेखी जे तण, ते आमच्या ताटातले अन्न होते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील गोरगरीब रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर राबले. सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन जगले, आणि त्या ज्वारीच्या भाकरीसोबत तरोट्याचा पाला होता. तेव्हा कोणी महोत्सव भरवला नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीचा हा इतिहास लिहून ठेवला. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आल्यावर मोठ्या शहरांतल्या वाचकांनी तो डोक्यावर घेतला. आमच्या घराघरांतून मात्र पाथरी-चिवळ ओळखणारी पिढी संपत चालली आहे.

येथे आपलेच काही शिकलेले तरुण विचारतात, बाबासाहेबांनी आम्हाला हलके अन्न सोडायला सांगितले, मग पुन्हा पडीक जागेवरचा पाला खुडायचा काय? प्रश्न रास्त आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याचा आदेश दिला. पण त्याच परिषदेत शेतीकडे वळा असेही सांगितले, हे आपण विसरतो. त्यांचा विरोध गावाच्या मेहेरबानीवर जगण्याला होता. तरोटा हे कोणाचे उष्टे नव्हे. तो पावसाने उगवतो आणि त्यासाठी कोणाला जोहार करावा लागत नाही.

अडचण आहे ती जागेची. बाबासाहेबांच्या हाकेने माणसे गाव सोडून शहरात आली. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, नागसेनवन उभे राहिले आणि मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुले आली. पुढे वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांमागे मजूर आले. हे सगळे राहिले कुठे? गुंठेवारीत! २०२३ साली छत्रपती संभाजीनगर नाव झालेल्या या शहरात अशा गुंठेवारी वसाहती शंभराहून अधिक आहेत. गुंठ्याचेही तुकडे पडले, भिंतीला भिंत लागली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने पैसे भरून घर नियमित करण्याची सोय केली, पण जी मोकळी जागा कधी सोडलीच नव्हती ती कायदा आणणार कुठून? मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा असते, म्हणजे बंगलेवाल्यांच्या दारात बाग. तेच लोक गच्चीवर वांगी-टोमॅटो लावून ‘विषमुक्त अन्ना’वर व्याख्याने देतात.

मग आमच्या बायका पाला कुठे खुडतात? नाल्याच्या काठाला, रेल्वे रुळाशेजारी, कारखान्याच्या कुंपणाबाहेर. तेथे धोका आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पालेभाज्या मातीतले शिसे आणि कॅडमियम शोषून घेतात. धुऊन वरची धूळ जाते, पण पानात गेलेला धातू शिजवूनही जात नाही. खाम आणि सुखना या शहराच्या दोन्ही नद्या वर्षानुवर्षे सांडपाणी वाहत आल्या. त्यांच्या काठची घोळ कितीही तजेलदार दिसली तरी पोराबाळांना घालू नये. उरलेल्या रिकाम्या प्लॉटांवर गाजरगवत माजले आहे. ते १९५० च्या दशकात परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. गंमत अशी की त्या गाजरगवताला दाबायला कृषी शास्त्रज्ञ तरोट्याचेच बी टाकायला सांगतात!

म्हणून मागणी करायची ती जमिनीची, कुंड्या वाटपाची नव्हे. इंग्लंडमध्ये १९०८ साली कायदा झाला की भाजी पिकवायला तुकडा हवा असलेल्या सहा मतदारांनी वा करदात्यांनी मागणी केली तर स्थानिक संस्थेने तिची दखल घ्यावी आणि गरज असल्यास जमीन भाड्याने द्यावी. तेथे कामगार आजही असे वाफे कसतात. आणि हा विचार आम्हाला परका नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसायला द्या असे मांडले. १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. शहरातल्या भूमिहीनाला मात्र त्या लढ्यात अजून जागा मिळालेली नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. मलिक अंबर या हबशी गुलामाने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदून या शहरात पाणी खेळवले. पुढे जायकवाडी आली, पण कित्येक वर्षे नळाला आठवड्याने पाणी येत राहिले. जेथे पिण्याचा हंडा मोजून भरतात तेथे टोमॅटोला पाणी कोण घालणार? त्यामुळे कमी पाण्यावर येणारेच लावले पाहिजे. एक शेवगा भिंतीलगत, त्याला पहिली दोन वर्षे सांभाळले की पुढे तोच घर सांभाळतो. त्याचा पाला शेंगेइतकाच कामाचा. शेजारी हादगा, कुंपणावर चवळी, सिमेंटच्या पोत्यात अंबाडी आणि तांदुळजा. मोरीच्या तोंडाशी अळू पूर्वीपासून असतेच.

शेजारच्या सहा घरांनी मिळून एका कागदावर सह्या कराव्यात. जवळचा महापालिकेचा पडीक भूखंड नेमका दाखवावा. त्याच्या मातीची तपासणी, पावसाचे पाणी साठवायला एक टाकी आणि बायकांच्या गटाच्या नावाने लेखी करार, एवढे तीनच मुद्दे लिहावेत. अर्ज झोन कार्यालयात देऊन पोच घ्यावी. करार बाईच्याच नावाने हवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी तेथे कोण्या पुढाऱ्याचा फलक लागतो. आणि हा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच गेला पाहिजे. मृगाचा पाऊस पडल्यावर धावपळ केली तर माती तपासून येईपर्यंत पेरणी निघून जाते.