पहिल्या पुराचा गाळ

जून उलटला की वर्तमानपत्रांत धरणसाठ्याची चौकट सुरू होते. कोयना इतके टक्के, जायकवाडी इतके टक्के, उजनी ‘उणे’तून बाहेर. लोक हवामानाच्या अंदाजापेक्षा या चौकटीवर जास्त विश्वास ठेवतात, कारण हा मोजलेला आकडा आहे अशी समजूत असते. प्रत्यक्षात मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. धरणावरचा कर्मचारी सकाळी भिंतीलगतची गेजपट्टी वाचतो आणि समुद्रसपाटीपासून इतके मीटर, अशी नोंद करतो. त्यापुढचं सगळं तक्त्यातून येतं. अमुक पातळीला अमुक दशलक्ष घनमीटर, असा क्षमतेचा तक्ता धरण बांधताना खोऱ्याच्या नकाशावरून तयार केलेला असतो आणि टक्केवारी त्यातूनच काढली जाते. पातळी खरी असते, पण तक्ता धरणाच्या जन्मावेळचा असेल तर साठा त्या वेळच्या जलाशयाचा निघतो. मधल्या तीस-चाळीस वर्षांत तळ किती वर आला, याची गेजपट्टीला खबर नसते. आशियाभरच्या मोठ्या जलाशयांचा खरा प्रश्न गेजपट्टीला न दिसणारा हा तळ आहे. आपण गाळाला धरणाच्या म्हातारपणाचा आजार मानतो आणि तो झाल्यावर उपाय शोधतो. माझं म्हणणं असं की गाळ सोडणं हे पाणी साठवण्याइतकंच धरणाचं रोजचं काम आहे आणि त्याची सोय भिंत बांधतानाच करावी लागते.

यावर अभियंत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: गाळासाठी जागा ठेवलेली आहे, तिलाच मृतसाठा म्हणतात. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला जवळपास 64 टीएमसी मृत आणि साडेत्रेपन्न उपयुक्त. एवढी जागा तळाशी राखून ठेवल्यावर चिंता कसली? अडचण अशी की गाळ आराखड्यात दाखवलेल्या जागी जाऊन बसत नाही. नदी जिथे संथ पाण्याला भेटते तिथेच तिचा वेग मरतो आणि वाळू, जाड रेती तिथेच खाली बसते. ती जागा धरणाच्या भिंतीपासून कित्येक किलोमीटर वर असते आणि तिथला साठा पूर्णपणे उपयुक्त साठ्यातला असतो. बारीक चिकणमाती तेवढी पुढे सरकते. अशा रीतीने जलाशयाच्या डोक्याशी त्रिभुज प्रदेश तयार होतो आणि दरवर्षी भिंतीकडे सरकत राहतो. पाकिस्तानात सिंधूवरच्या तारबेला धरणात हेच घडलं. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एक तृतीयांशाहून अधिक क्षमता गेली आहे आणि गेलेल्यात शेतीला द्यायचं पाणीही आहे. आपल्या जवळचा दाखला निजामसागरचा. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूर-बीदरकडून तेलंगणात उतरते आणि तिथे 1931 मध्ये पूर्ण झालेल्या निजामसागरात अडते. चाळीस-बेचाळीस वर्षांत त्या जलाशयाची निम्म्याहून अधिक क्षमता संपली आणि पुढे पाण्याची पातळी वाढवून थोडी भरपाई करावी लागली. त्या तळाशी जी काळी माती बसली तिच्यात मराठवाड्याच्या शेतांचा वाटा मोठा आहे.

तळ मोजायचा कसा, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. जलाशयाच्या दोन्ही काठांवर समोरासमोर खांब रोवून आडव्या रेषा ठरवलेल्या असतात. बोट त्या रेषेवरून संथ वेगात, नांगरटीतल्या बैलासारखी सरळ, एका काठावरून दुसऱ्या काठाला जाते. बोटीच्या कडेला पाण्यात बुडवलेलं यंत्र ध्वनीचे ठोके खाली सोडतं आणि ते परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढतं. उपग्रहावर चालणारं दुसरं यंत्र त्याच क्षणी बोटीचं ठिकाण नोंदवतं. यात एक गंमत आहे. उच्च कंपनांचा ध्वनी मऊ, दह्यासारख्या चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो. कमी कंपनांचा ध्वनी त्या चिखलातून खाली जातो आणि घट्ट तळाला लागून येतो. दोन्ही एकदम सोडले तर कागदावर दोन रेषा उमटतात आणि त्यांमधली जागा म्हणजे ताजा गाळ. भिंतीजवळ या दोन रेषांमधलं अंतर वाढत जातं, कारण सगळ्यांत बारीक माती तिथवर पोचलेली असते. दुसरी पद्धत उपग्रहाच्या छायाचित्रांची. हंगामभर पातळी उतरत असताना पाण्याचा पसारा किती आहे ते पाहायचं. पूर्वी त्याच पातळीला पसारा जास्त होता तर मधली जागा गाळाने घेतली. ही पद्धत स्वस्त आहे आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था ती वापरते. पण पाणी ज्या पातळीखाली उतरतच नाही, तिथलं काही उपग्रहाला दिसत नाही. म्हणजे मृतसाठ्याचा हिशोब अंधारातच राहतो आणि उजनीसारख्या धरणात तर तोच अर्ध्याहून मोठा आहे. दुष्काळात आपण त्याच मृतसाठ्यातून शहरांना पाणी पाजतो, ही गोष्ट वेगळी.

गाळाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हे चीनने सर्वांत महागात शिकून घेतलं. ह्वांग हो नदीवर सानमेनशिया इथे सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने 1957 मध्ये काम सुरू झालं आणि 1960 च्या सप्टेंबरात पाणी अडवलं गेलं. ही नदी त्या काळी वर्षाला सरासरी 160 कोटी टन माती वाहून आणत होती. पहिल्या दीड वर्षातच आलेल्या गाळापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जलाशयात अडकला. जलाशयाच्या वरच्या टोकाला तुंगग्वानपाशी नदीचा तळ चार-पाच मीटर उचलला गेला, वेई नदीचं पाणी मागे फुगू लागलं आणि शीआन शहराला पुराचा धोका निर्माण झाला. पाणी साठवायला बांधलेलं धरण 1962 मध्ये रिकामं ठेवायची वेळ आली. हे सांगणारा एक माणूस आधीच होता. त्सिंगह्वा विद्यापीठातले प्राध्यापक ह्वांग वानली यांनी 1957 मध्ये या आराखड्याला विरोध केला आणि धरण करायचंच असेल तर बांधकामासाठी भिंतीच्या तळाशी ठेवलेली दारं निदान बुजवू नका, असं बजावलं. त्यांना उजव्या विचारांचे ठरवून बाजूला काढण्यात आलं आणि दारं काँक्रीटने बुजवली गेली. 1970 पासून तीच दारं पुन्हा फोडावी लागली. त्याआधी डोंगरातून दोन बोगदे काढले होते आणि विजेसाठीच्या चार नळांतूनही गाळ सोडायची सोय केली होती. वीज मूळ बेताच्या पाव भागाएवढीही राहिली नाही.

पण त्या फोडलेल्या दारांतून एक तत्त्वही बाहेर आलं आणि सानमेनशिया 1973 पासून त्याच तत्त्वावर चालतं: पुराच्या महिन्यांत पातळी खाली ठेवून गढूळ पाणी पुढे जाऊ द्यायचं, पूर ओसरल्यावरचं निवळ पाणी साठवायचं. यांगत्झीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाची पातळी हिवाळ्यात 175 मीटर असते आणि पावसाळ्याआधी ती 145 वर आणतात. ते मुख्यतः पूर सामावण्यासाठी असलं तरी गाळाचा हिशोबही त्यात आहे. ह्वांग होवरच सानमेनशियाच्या खाली शियाओलांगदी धरण बांधलं तेव्हा 1265 कोटी घनमीटर क्षमतेपैकी 755 कोटी घनमीटर गाळासाठी आहेत हे कागदावर उघड मांडलं आणि गाळ सोडणारे बोगदे पहिल्या दिवसापासून ठेवले. 2002 पासून तिथे ठरवून मोठे विसर्ग केले जातात आणि खालच्या नदीपात्रात साचलेली मातीही त्यांच्याबरोबर समुद्राकडे जाते.

हे दख्खनच्या नद्यांना लागू पडतं का? इथे आक्षेप जोरदार आहे आणि तो खोडायचा तर आधी मान्य करावा लागेल. आपल्या नद्या बारमाही नाहीत. चार महिने पाणी येतं, तेही मोजक्या पुरांत. उन्हाळाभर भेगाळलेली, उघडी पडलेली काळी जमीन पहिल्या मोठ्या पावसात सुटते आणि वर्षातलं सगळ्यांत गढूळ पाणी जून-जुलैतच येतं. त्याच वेळी धरणं तळाला गेलेली असतात, म्हणून गावं-शहरं त्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेली असतात. जायकवाडी दरवर्षी भरत नाही; तिथे पहिला पूर सोडून द्या असं म्हणणं हा क्रूर विनोद होईल. दुसरीकडे कोयनेला पाणी मुबलक आहे, पण सह्याद्रीचं रान शाबूत असल्याने तिथे गाळ कमी. जिथे गाळ आहे तिथे सोडायला पाणी नाही आणि जिथे पाणी आहे तिथे गाळ नाही, असा हा पेच आहे. चीनचा नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे मला मान्य.

तरीही एक गोष्ट उरते. भरलेल्या वर्षी जायकवाडीतून आणि उजनीतूनही आठवडेच्या आठवडे पाणी सोडावं लागतं. ते पाणी साठवता येत नाही, ते जाणारच असतं. प्रश्न इतकाच की ते कुठून जातं. आपल्या धरणांचे दरवाजे सांडव्याच्या माथ्यावर असतात. दूरचित्रवाणीवर दिसणारा तो फेसाळ, पांढराशुभ्र विसर्ग जलाशयाच्या वरच्या, निवळलेल्या थराचा असतो. पुराचं जड, मातीने भरलेलं पाणी पुष्कळदा स्वच्छ पाण्याखालून, जुन्या नदीपात्राच्या खोबणीतून सरपटत भिंतीच्या पायथ्याशी येतं आणि तिथे बाहेर पडायला दार नसल्याने थांबतं, निवळतं, बसतं. सोडायचंच असलेलं पाणी तळातून सोडलं, तर निदान तेवढी माती तरी पुढे जाईल. जाणकार यावर म्हणतील की भरलेल्या जलाशयात तळाचं दार उघडलं तर फक्त दारासमोरचा गाळ खरवडून निघतो, दूरचा हलत नाही. बरोबर आहे, पसरट, उथळ जलाशयांत तर गढूळ प्रवाह भिंतीपर्यंत पोचेलच याचीही खात्री नाही. म्हणून हा जुन्या धरणांवरचा अर्धामुर्धा उपाय आहे आणि नव्या धरणांसाठीची अट. कल्पना परकीही नाही. पुणे जिल्ह्यात भाटघरला एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या जुन्या धरणाला गाळ वाहून जावा म्हणून तळाशी दारं ठेवलेली होती. पुढच्या काळात उंच भिंती आणि मोठे दरवाजे बांधताना ही काळजी मागे पडली.

‘गाळ काढून टाका, शेतात पसरा’ हा सर्वांत लोकप्रिय उपाय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना 2017 मध्ये आली आणि पाझर तलाव, लहान बंधारे यांच्यासाठी ती उत्तम आहे. काठावरच्या शेतकऱ्याला सुपीक माती मिळते, तलावाला खोली मिळते. पण मोठ्या धरणाचं गणित वेगळं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला, उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज हजार खेपा धरल्या, तर वर्षाला दहा लाख घनमीटर निघतात. एक टीएमसी गाळ काढायला अठ्ठावीस वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात नवा गाळ येतच राहणार. तैवानमधल्या त्सेंगवेन जलाशयात 2009 च्या मोराकोट वादळात एका तडाख्यात नऊ कोटी घनमीटरच्या आसपास, म्हणजे तीन टीएमसीहून जास्त, गाळ आला. त्यांनी डंपर मोजले नाहीत. धरण चालू असतानाच डोंगरातून गाळ सोडणारा बोगदा काढला. जुन्या धरणाला नवं दार करता येतं, याचा हा पुरावा.

गाळ सोडला तर खालच्या नदीतले मासे मरतील, हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला घडलेल्या घटनेचा आधार आहे. जपानमध्ये कुरोबे नदीवरच्या दाशिदायरा धरणात 1985 पासून साचलेला गाळ 1991 च्या डिसेंबरात पहिल्यांदा सोडला. सहा वर्षं तळाशी कुजून काळा पडलेला तो चिखल तोयामा उपसागरात गेला आणि मासेमारीचं मोठं नुकसान झालं. जपानने त्यातून दारं बंद ठेवायचा निष्कर्ष काढला नाही. खाली उनाझुकी धरण झाल्यावर 2001 पासून दोन्ही धरणांची दारं एकत्र, दरवर्षी, पूर आलेला असतानाच उघडली जातात, म्हणजे माती कुजायला वेळ मिळत नाही आणि पुराच्या भरपूर पाण्यात ती पातळ होऊन जाते. धोका गाळ सोडण्यात फारसा नाही, तो साठवून मग एकदम सोडण्यात आहे.

राहता राहिला पाणलोटाचा उपाय: बांध घाला, झाडं लावा, माती रानातच अडवा. याला विरोध करायचं कारणच नाही. चीनच्या लोएस पठारावर पायऱ्यांची शेती, बंधारे आणि वनीकरण यांमुळे, शिवाय वरच्या धरणांमुळे, ह्वांग होचा गाळ या शतकात पूर्वीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आला. पण सानमेनशियाचा आराखडा करणाऱ्यांनीही पठारावरच्या कामाने गाळ झपाट्याने घटेल असंच गृहीत धरलं होतं. तो घटला, काही दशकांनी. जलाशय तेवढा वेळ थांबला नाही. मृदसंधारणाच्या भरवशावर तळाचं दार वगळणं ही ती जुनीच चूक आहे.

देशातल्या मोठ्या धरणांपैकी दोन हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत आणि नव्यांची मागणी थांबलेली नाही. ज्या आराखड्यात गाळ बाहेर जायचा रस्ता दाखवलेला नाही, त्याला तांत्रिक मंजुरी देऊ नये. आणि रोज सकाळी धरणसाठ्याची चौकट छापणाऱ्या संपादकांना एक विनंती: टक्क्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढा आणि त्या धरणाचा तळ शेवटचा कोणत्या वर्षी मोजला, ते साल तिथे छापा.