हायपोथायरॉइडिझममधील स्थौल्य : आहार व औषधसेवनकाल

स्थौल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी, विशेषतः स्त्रियांपैकी, अनेकींच्या हाती आज अवटु ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉइडच्या, तपासणीचा अहवाल असतो. ‘गोळी चालू आहे, तरी वजन उतरत नाही,’ हे त्यांचे गाऱ्हाणे. अशा वेळी आहार आणि औषध यांचा परस्परसंबंध वैद्य व औषधविक्रेता या उभयतांनी ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.

वजनवाढीचे स्वरूप

थायरॉक्सिन या स्रावाच्या अल्पतेमुळे शरीरातील ऊर्जेचा व्यय मंदावतो. जाठराग्नी व धात्वग्नी यांचे मांद्य आणि तज्जन्य कफ-मेदोवृद्धी, असा याचा विचार वैद्यवर्गात केला जातो. तथापि केवळ या कारणाने वाढणारे वजन बहुधा २.५ ते ५ किलो इतकेच असते आणि त्यातील बराच भाग मेदाचा नसून क्षार व जल यांच्या संचयाचा असतो. योग्य मात्रेने तेवढा भार उतरतो. उर्वरित स्थौल्याचा विचार आहार-विहाराच्या अंगानेच करावा लागतो. वजन लवकर उतरावे म्हणून मात्रा वाढविल्यास हृदयाची गती बिघडते व अस्थींचे बल घटते. उलटपक्षी, गोळी परस्पर बंद करणे हेही धोक्याचे होय. गर्भिणीच्या बाबतीत तर गर्भाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

अभक्तकालाचे महत्त्व

आपल्या शास्त्राने दहा औषधसेवनकाल सांगितले आहेत. त्यांपैकी अभक्तकाल, म्हणजे निरन्न कोठ्यावर औषध घेणे, थायरॉक्सिनच्या गोळीस तंतोतंत लागू पडतो. गोळी पहाटे केवळ पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध वा अन्न घेऊ नये. खेड्यापाड्यांत शेतावर जाण्याच्या घाईत चहाबरोबरच गोळी गिळली जाते. मग औषध पुरेसे शोषले जात नाही व दोष मात्र गोळीस दिला जातो.

लोह व कॅल्शियम यांमुळेही हे शोषण घटते, म्हणून त्यांच्यात आणि गोळीत किमान ४ तासांचे अंतर हवे. येथे आपल्या कल्पांचा विचार क्रमप्राप्त आहे. आरोग्यवर्धिनी, नवायस लोह व पुनर्नवा मंडूर यांत लोह आहे. शंख, कपर्दिक व प्रवाळ भस्म, तसेच कामदुधा व सूतशेखर यांत कॅल्शियमयुक्त द्रव्ये आहेत. चरकसंहितेतील स्थौल्यचिकित्सेतही काललोहरजाचा प्रयोग सांगितला आहे. हे कल्प वर्ज्य नाहीत. मात्र त्यांचा काल दुपारी किंवा सायंकाळी भोजनोत्तर ठरवावा. इसबगोलासही अंतराचा हाच नियम पाळणे इष्ट.

आहारविचार

बाजरी आणि कोबी थायरॉइडला घातक, असा समज सर्वत्र पसरला आहे. बाजरीतील काही घटक ग्रंथीच्या कार्यास बाधक असतात हे खरे. परंतु सुदानमधील ज्या अभ्यासांत बाजरीचा गलगंडाशी संबंध दिसला, तेथे बाजरी हेच मुख्य अन्न होते आणि आयोडीनची उणीव होती. राहाता परिसरातील घराघरांत भाजी, डाळ व आयोडीनयुक्त मीठ यांसह खाल्ली जाणारी भाकरी बंद करण्याचे कारण नाही. कोबी शिजवून, बेताने खावा. सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावेत.

स्थूल व्यक्तीस गुरु परंतु अपतर्पण करणारे अन्न द्यावे, हे चरकाचार्यांचे सूत्र येथे मार्गदर्शक आहे. यव, मूग, कुळीथ, आवळा, ताक यांची योजना करावी. आपल्या तालुक्याचा पेरू हे तंतुयुक्त फळ असून साखरेच्या चहा-बिस्किटांऐवजी ते उत्तम. गुरुवारच्या उपवासाला साबुदाणा, शेंगदाणे व तूप यांमुळे नेहमीच्या जेवणाहूनही अधिक ऊर्जा पोटात जाते, हे रुग्णास समजावून सांगावे. रात्रीचे भोजन लघु व लवकर असावे. व्यायामास पर्याय नाही.

मिठाविषयी

भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. प्रौढ व्यक्तीस दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सैंधव श्रेष्ठ खरे, पण साध्या सैंधवात आयोडीन अत्यल्प असते. ते औषधात वा पथ्यात अवश्य वापरावे. संपूर्ण कुटुंबाचे रोजचे मीठ मात्र आयोडीनयुक्तच असावे. समुद्रशैवालाच्या गोळ्यांतून होणारा आयोडीनचा अतिरेकही तितकाच अहितकर.

औषधविक्रेत्यांस विनंती

‘वजन घटविणारे’ म्हणून येणारे, घटकद्रव्ये न छापलेले चूर्ण विकू नये. अशा चूर्णात थायरॉइडचा स्राव मिसळलेला असू शकतो. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या ग्राहकास, ते रक्ततपासणीच्या किमान २ दिवस आधी थांबवावे असे सांगावे, अन्यथा अहवाल फसवा येऊ शकतो. मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा तपासावे लागते, याचेही स्मरण द्यावे.

सारांश, वजन न उतरणाऱ्या रुग्णास नवा कल्प देण्यापूर्वी ‘गोळी केव्हा व कशाबरोबर घेता?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. पुष्कळदा चिकित्सेची दिशा त्या एका उत्तरातच सापडते.